बत्तासा हॉलंडला निघतो

आमच्या बत्ताशाला परदेशी जायची अजिबात इच्छा नव्हती. खरं तर त्याला फाटकाबाहेर जायचीसुद्धा इच्छा नसायची. पांढराशुभ्र पॉमेरियन, अंगभर नुसते केस. आत कुत्रा किती आहे हे फक्त आंघोळीच्या दिवशी कळायचं (फारसा नसायचा). फाटकाबाहेर गुडगाव होतं, आणि गुडगाव त्याला पटलेलं नव्हतं.

तसं ते आम्हालाही पटलेलं नव्हतं. देशाची दारं उघडली असं त्या दिवसांत रोज पेपरात यायचं. त्या उघड्या दारातून माझा नवरा विनायक सरकारी नोकरीतून उठून थेट एका परदेशी कंपनीत शिरला. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं पिवळ्या भिंतींचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि आम्ही गुडगावच्या नव्या वसाहतीत आलो. नवी म्हणजे इतकी नवी, की रस्ता आमच्यानंतर आला. खिडकीतून एका बाजूला काचेची इमारत दिसायची, दुसऱ्या बाजूला सरसोंचं शेत, आणि दोन्हींच्या मध्ये उभी राहून एक नीलगाय आमच्याकडे बघायची. वीज गेली की जनरेटर सुरू व्हायचा आणि जनरेटर सुरू झाला की आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलायचो. संसार फार सुखाचा चालला होता.

घरात माणसं चार. विनायक, मी, आठ वर्षांची केतकी, आणि माझे सासरे, म्हणजे अण्णा. अण्णा नाशिकला हेडमास्तर होते. सासूबाई गेल्यावर त्यांनी तिथे एकट्यानं काही महिने काढले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात एक पाव, सहा केळी आणि न पेटवलेला, कोरडा ठणठणीत गॅस होता. विनायकनं तिथल्या तिथे त्यांची बॅग भरली. दिल्लीला आल्यावर अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. बोलणं नाही, फिरणं नाही. विनायकनं कुठूनसा बत्तासा आणला आणि तिसऱ्या दिवशी फाटकाजवळून त्यांचा आवाज ऐकू आला, "रांगेत चाल. इकडे तिकडे बघू नकोस. नाकानं अभ्यास होत नाही."

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ दोघं वसाहतीला फेरी मारायचे. अण्णांना फिरायचं होतं आणि बत्ताशाला नव्हतं, त्यामुळे शिकवायला भरपूर वाव होता. अण्णा परत बोलायला लागले. आमच्याशी कमी बोलायचे, पण बोलायचे.

दोन मांजरीही होत्या. सुपारी तपकिरी आणि गोल, लवंग काळी आणि काटकुळी. त्या केतकीनं आणल्या असं ती सांगते. माझ्या मते त्या स्वतःच आल्या, घर बघितलं आणि आम्हाला ठेवून घेतलं.

अशात विनायकला कंपनीनं हॉलंडला बदली दिली. चार वर्षांसाठी! मी त्याच दिवशी सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन सगळ्यांना गरम कोट घेऊन आले. निर्यातीतून उरलेला माल, स्वस्तात मस्त. (घरी येऊन बघते तर आतल्या पट्टीवर हॉलंडच्या दुकानाचं नाव. म्हणजे तिकडे जायचा राहिलेला कोट मी स्वतः पोचवणार होते.) अण्णांनी कोट घालून बघितला, घडी करून परत दिला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बत्तासा येणार असेल तर मी येतो. नसेल तर आम्हा दोघांना नाशिकला सोडा."

मला तो पाव आणि ती केळी आठवली. विनायकलाही आठवली असणार, कारण तो म्हणाला, "बत्तासा येणारच आहे, अण्णा. तिघंही येणार आहेत." बोलताना त्याचा चेहरा मात्र शब्द देऊन बसलेल्या माणसाचा झाला.

आता प्राणी परदेशी न्यायचे म्हणजे काय असतं? लस टोचायची, सरकारी प्राण्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, निघायच्या दिवशी विमानतळावर त्याच डॉक्टरला पुन्हा दाखवायचं. त्यानं प्रकृती उत्तम असा दाखला दिला तर प्राणी विमानात, नाही दिला तर प्राणी इथेच. आणि तिकडे उतरल्यावर कुणाला काही संशय आला, तर क्वारंटाइन. हा शब्द आमच्या घरात त्या काळात इतका घोकला गेला, की केतकी लवंगला शिक्षा म्हणून बाथरूममध्ये क्वारंटाइन करायची.

सरकारी डॉक्टरांचं नाव त्यागी. करारी माणूस. बत्ताशाचे कान, दात, पोट बघून ते प्रसन्न झाले आणि म्हणाले, "बिल्कुल सफ़ेद. ऐसा साफ़ जानवर कम आता है." अण्णांनी आपल्या विद्यार्थ्याचा बोर्डात नंबर आल्यासारखी मान हलवली. निघताना डॉक्टरांनी बजावलं: विमानाच्या दिवशी उपाशी ठेवा, औषध-मलम काही लावू नका, जसा आज आहे तसाच घेऊन या.

जसा आज आहे तसाच. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मग पिंजऱ्यांचं प्रकरण आलं. सुताराकडून जाळीच्या तीन पेट्या करून घेतल्या आणि प्राण्यांना त्यांची सवय लावायचं काम माझ्याकडे आलं. मांजरींनी पहिल्याच दिवशी बत्ताशाची पेटी बळकावली आणि आत झोपल्या. बत्तासा मात्र पेटी दिसली की पलंगाखाली. मी बिस्किटं दाखवली, गोड बोलले, रागावले. शेवटी मला वाटलं, आपण करून दाखवावं. मी दोन्ही हात आणि डोकं पेटीत घातलं आणि आतून "बघ, किती छान आहे" असं म्हणाले. त्यानंतर डोकं बाहेर येईना. माझा अंबाडा वरच्या फळीच्या खिळ्याला अडकला होता. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मिसेस खुराना साखर मागायला आल्या. दार उघडंच होतं. मी गुडघ्यांवर, डोकं लाकडी पेटीत, समोर एका वाटीत बिस्किटं, बाजूला हात मागे बांधून उभे असलेले अण्णा. त्या दारातच थांबल्या आणि आदरानं हळूच म्हणाल्या, "पूजा चल रही है? मैं बाद में आती हूँ."

बत्ताशानं हे सगळं पलंगाखालून पाहिलं आणि पेटीबद्दलचं त्याचं मत पक्कं झालं.

असो. दिवाळी झाली आणि निघायचा दिवस उजाडला. आमचं विमान मध्यरात्रीनंतरचं, पण प्राण्यांना दुपारीच मालाच्या विभागात सोपवायचं होतं. सामान बांधलेलं, मारुती व्हॅन खाली उभी. मी म्हटलं, चला. तर अण्णा जागचे हलेनात.

"ओवाळलं नाहीस," ते म्हणाले.

"कुणाला, अण्णा?"

"त्यांना. समुद्रापलीकडे निघाले आहेत. तुझ्या सासूनं घरातून कुणाला ओवाळल्याशिवाय लांब पाठवलं नाही. मी बदलीवर धुळ्याला जात होतो तरी ओवाळायची."

धुळ्यापेक्षा हॉलंड लांब आहे हे मला मान्य करावं लागलं. शिवाय अण्णा सासूबाईंचं नाव क्वचितच काढायचे. विनायक घड्याळ बघत म्हणाला, "अगं, पटकन उरक." पटकन उरकण्यासारखा सोहळा मी आयुष्यात कधी केलेला नाही. (दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीतल्या नाटकांत मी सलग सात वर्षं काम केलंय. विंगेत जायलासुद्धा मला चार मिनिटं लागतात.) बांधलेल्या पेटाऱ्यातून तबक काढलं, निरांजन काढलं, अक्षता काढल्या. तिन्ही पेट्या पूर्वेला तोंड करून मांडल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं, की बत्ताशाच्या कपाळावर कोरडी हळद टिकायची नाही. इतक्या केसांत चिमूटभर हळद जाणार कुठे? म्हणून मी वाटीभर हळद पाण्यात कालवली. छान, दाट, लग्नात नवरदेवाला लावतात तशी.

बत्ताशाला अण्णांनी मांडीवर घेतलं. तो आयुष्यात पहिल्यांदा शांत बसला. मी बोट बुडवून त्याच्या कपाळावर टिळा लावला. इतका गोजिरवाणा दिसला, की केतकी म्हणाली, "मम्मा, सो क्यूट, फोटो घे ना." मी कॅमेरा आणायला वळले. निरांजनाची ज्योत हलली. त्या हलणाऱ्या ज्योतीवर लवंगनं पेटीतून झेप घेतली (तिच्या पेटीची कडी मीच उघडी ठेवली होती), ती पडली तबकात, तबक उलटलं, निरांजन विझलं, अक्षता पंख्यापर्यंत उडाल्या आणि वाटीभर हळद बत्ताशाच्या डोक्यावरून पाठीवर, पाठीवरून शेपटापर्यंत व्यवस्थित गेली. अण्णांच्या धोतरावर एक थेंब नाही. सगळी त्याच्यावर!

मग बत्ताशानं अंग झटकलं आणि भिंतीही आल्या.

"जसा आहे तसाच आणा म्हणाले होते," विनायक म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"धुऊन टाकते. हळदच तर आहे," मी म्हणाले, आणि बत्ताशाला उचलून बाथरूममध्ये नेलं. शाम्पू सामानात गेला होता. कपड्यांचा साबण मात्र होता. मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे, तीही पहिल्या वर्गातली, हे इथे सांगायलाच हवं. आम्ल, अल्क, दर्शक, सगळं मी परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहून आले आहे. तर अशा या पदवीधर बाईनं हळदीनं माखलेल्या पांढऱ्या कुत्र्याला कपड्यांचा साबण खसाखसा चोळला, आणि हळदीला साबण लागल्यावर जे होतं ते झालं. कुत्रा लाल झाला.

थोडाथोडका नाही. विटकरी लाल! जितका चोळावा तितका लाल. बाहेरून दारावर थाप पडली. मी म्हटलं, झालंच. केतकीनं फटीतून डोकावलं आणि आजोबांकडे धावत गेली. "आजोबा, बत्तासा तर रेड झाला यार."

"आजोबांना यार म्हणू नये," अण्णा म्हणाले, आणि मग स्वतः बघायला आले. त्यांनी बत्ताशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हळदीला साबण," एवढंच म्हणाले. चाळीस वर्षं वर्गाला गप्प करणारा आवाज होता तो.

मग मला शास्त्र आठवलं. उशिरा, पण आठवलं. साबणानं लाल झालेली हळद आंबटानं परत पिवळी होते! मी लिंबू पिळलं. लिंबू लागलं तिथे पिवळा, साबण राहिला तिथे लाल, दोन्ही मिसळलं तिथे नारिंगी. अर्ध्या तासात मी त्या मुक्या जिवाचा चालता-फिरता लिटमस पेपर करून ठेवला. कान पिवळे, पाठ लाल, शेपटीत सूर्यास्त. विनायक म्हणाला, आता आणखी काही सुधारू नकोस. त्या ओल्या रंगीत बोचक्याला आम्ही सरोजिनी नगरच्या टॉवेलात गुंडाळून पेटीत घातलं, त्यामुळे टॉवेलही गेला, आणि व्हॅन निघाली. विमानतळापर्यंत सगळ्यांत समाधानी चेहरा लवंगचा होता.

मालाच्या विभागात डॉक्टर त्यागी चष्मा पुसत बसले होते. मांजरींना त्यांनी जाळीतून नुसतं बघितलं. त्या झोपल्या होत्या. "फिट," ते म्हणाले आणि दोन दाखले सही करून बाजूला ठेवले. मग विनायकनं तिसरी पेटी उघडून टॉवेल बाजूला केला.

डॉक्टरांनी चष्मा घातला. काढला. परत घातला.

"ये वो कुत्ता नहीं है."

"वही है, डॉक्टरसाहब," विनायक म्हणाला.

"वो सफ़ेद था."

"इसपर हल्दी गिर गई."

"हल्दी पीली होती है. ये लाल है." डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "मैं मेरठ का हूँ, साहब. हल्दी मुझे मत सिखाइए. या तो ये दूसरा जानवर है, या इसकी चमड़ी में कुछ है. दोनों हालत में ये नहीं उड़ेगा."

मी पुढे होऊन लिंबाची फोड काढली. बत्ताशावर पिळून दाखवते म्हटलं, परत पिवळा होतो की नाही बघा. डॉक्टरांनी हात आडवा धरला. जनावराला आता कुणी काहीही लावायचं नाही, जे लावलंय तेच पुष्कळ आहे. हे त्यांचं म्हणणं इतकं रास्त होतं, की मी लिंबाचा हात मागे घेतला.

आणि तेवढ्यात मला मागे बाक सरकल्याचा आवाज आला. अण्णांनी बत्ताशाची पेटी उचलून आपल्या शेजारी बाकावर ठेवली होती. कोट काढून, घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला.

"विनायक, नाशिकची गाडी निजामुद्दीनहून सुटते ना?"

"अण्णा, थांबा जरा."

"थांबण्यासारखं काय आहे? तो जाणार नाही. मग मी जाऊन काय करू? तिथे मला रांगेत कोण चालवणार?"

शेवटचं वाक्य त्यांनी पेटीकडे बघून म्हटलं. विनायक काचेबाहेर बघायला लागला. केतकीनं पेटीच्या जाळीत बोट घातलं. आणि मी, जिच्यामुळे हे सगळं झालं होतं, हातात एक कोट आणि एक लिंबाची फोड घेऊन उभी होते.

सात वर्षं नाटकात काम केलेल्या बाईला अशा वेळी एकच गोष्ट सुचते.

"डॉक्टरसाहब," मी म्हणाले, "जानवर पे नहीं. मेरे ऊपर देखिए."

हळदीची अडचण नव्हती. कुठलाही मराठी माणूस परदेशी निघाला की त्याच्या हातातल्या पिशवीत वर्षभराची हळद असतेच. साबणही मिळाला. कचेरीच्या बेसिनवर कपड्यांच्या साबणाची वडी दोरीला टांगलेली होती. मी हाताच्या पाठीवर हळद लावली, साबण चोळला, हात लाल झाला. डॉक्टर म्हणाले, "ये हाथ की सफ़ाई है." मग मी गालाला लावली. एका गालाला. साबण. लाल! एव्हाना मालाच्या विभागातले हमाल, कस्टमचे दोन बाबू आणि चहावाला गोळा झाले होते. प्रेक्षक दिसले की मला थांबता येत नाही. दुसऱ्या गालाला लावली, लिंबू पिळलं, पिवळा! लाल, पिवळा, लाल, पिवळा. चहावाल्यानं टाळी वाजवली.

डॉक्टर खुर्चीतून पुढे झुकले, पण माणूस कठीण. "चमड़ी पर ठीक है," ते म्हणाले. "मगर कुत्ते के तो बाल लाल हैं. सफ़ेद बाल पर करके दिखाइए."

पांढरे केस. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांना टक्कल. विनायकचे काळे. हमालांचे काळे. डॉक्टरांनी कलप लावलेला (हे बाई लगेच ओळखते). सगळे एकमेकांच्या डोक्यांकडे बघू लागले. आणि माझ्या भांगाच्या आत, वरच्या केसांखाली रोज सकाळी दोन चाप लावून दडवलेली, लग्नाच्या नवऱ्यालाही आजवर न दिसलेली एक पांढरी बट होती.

मी चाप काढले.

"अगं, हे कधीपासून?" विनायक म्हणाला.

"गुडगावला आल्यापासून," मी म्हणाले, आणि भर सभेत बटेला हळद लावली. साबण चोळला. बट लाल झाली. अगदी, हुबेहूब, बत्ताशाच्या पाठीसारखी. डॉक्टरांनी बट दोन बोटांत धरली, पेटीतल्या बत्ताशाजवळ झुकून रंग ताडून बघितला (मला अर्थातच बटेबरोबर झुकावं लागलं). मग आतल्या खोलीतल्या मोठ्या साहेबांना बोलावून आणलं आणि मला म्हणाले, "मैडम, एक बार और."

मी और एक बार केलं. मोठ्या साहेबांनी घरी पत्नीला सांगायला म्हणून पुन्हा एकदा बघितलं. त्यानंतर त्यागींनी बत्ताशाला बाहेर काढलं, त्याचे केस बाजूला करून कातडी तपासली, कान, दात, पोट बघितलं आणि तिसरा दाखला सही केला. "जानवर एकदम फिट है," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून जरा घुटमळले. "आप अपना ध्यान रखिए."

अण्णांनी माझ्या हातातून कोट घेतला आणि अंगात घातला. दोन बटणं लावून झाल्यावर म्हणाले, "सुलभा, चांगलं केलंस." माझ्या सबंध संसारात त्यांनी मला दिलेले हे पहिले गुण. मी लाल-पिवळ्या चेहऱ्यानं रडले, त्यानं ओघळ उठले.

चेहरा निघाला नाही, हे सांगायला नकोच. विमानात मी तीनदा हात-तोंड धुवायला गेले आणि तिन्ही वेळा तिथल्या साबणानं धुतलं. (हो. तिन्ही वेळा. सवयीनं हात जातो.) पहाटे हॉलंडला उतरलो तेव्हा माझे डोळे जागरणानं लाल, चेहरा पिवळा, त्यावर विटकरी पट्टे, आणि कपाळावर एक नारिंगी बट लोंबत होती. पासपोर्ट बघणाऱ्या तरुणानं विनायकला सोडलं, अण्णांना सोडलं, केतकीकडे बघून हसला. मग त्यानं माझ्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन उचलला.

एक उंच, प्रेमळ डॉक्टरीण आली. तिनं अंतर राखून मला एका काचेच्या खोलीत बसवलं. कावीळ असावी, ती म्हणाली, पण हे लाल काय ते तिला कळेना. ताप आला होता का? उष्ण प्रदेशातून आलात का? प्राण्यांशी संपर्क आला होता का? या तिसऱ्या प्रश्नावर काचेपलीकडे विनायक गंभीरपणे तीन बोटं दाखवत होता. मी तिला हळदीचं सांगितलं. करून दाखवते म्हटलं. तिनं माझा हात थोपटला आणि मला शांत बसायला सांगितलं.

तेवढ्यात तिकडून तिन्ही पेट्या आल्या. तिथल्या प्राण्यांच्या अधिकाऱ्यानं डॉक्टर त्यागींचे दाखले वाचले, मांजरी झोपलेल्या पाहिल्या, लाल बत्ताशाकडे बघितलं आणि विचारलं की ही भारतातली नवी जात आहे का. अण्णा हो म्हणाले. (आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस!) पाच मिनिटांत तिघांना देशात प्रवेश मिळाला. मग डॉक्टरीणबाईंनी विनायकला विचारलं, मॅडमचा असा काही दाखला आहे का. विनायकनं सगळी फाइल चाळली. मॅडमचा नव्हता.

क्वारंटाइन. सहा महिने ज्या शब्दाला आम्ही भ्यायलो, तो शेवटी माझ्या वाट्याला आला. रक्त तपासून निकाल येईपर्यंत मी त्या काचेत राहायचं होतं. विनायक थांबतो म्हणाला, पण अण्णांनी काचेला तोंड लावून विषय मिटवला.

"सुलभाची व्यवस्था चांगली दिसते आहे. गरम पाणी आहे, खुर्ची आहे. बत्ताशानं कालपासून काही खाल्लेलं नाही. आपण निघू या."

आणि ते निघाले. काचेतून मला दिसलं: पुढे मान ताठ करून हॉलंडमध्ये शिरणारा लाल कुत्रा, त्याच्यामागे रांगेत चालणारे अण्णा, मग केतकी, मग दोन पेट्या उचलून विनायक. एकानंही मागे वळून बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. सुपारीनं बघितलं.

दुपारी निकाल आला. माझं रक्त उत्तम होतं. डॉक्टरीणबाईंनी कापसावर थोडं स्पिरिट घेऊन माझ्या गालावरून फिरवलं आणि हळद लोण्यासारखी कापसावर आली. त्या चकित झाल्या. मी झाले नाही. आता काय व्हायचं राहिलं होतं? पण रात्रभराची दगदग झालेली, म्हणून त्या मला एकटीला सोडायला तयार होईनात. न्यायला घरातलं कुणीतरी येऊ दे म्हणाल्या, आणि भारतात नुकतीच प्लेगची साथ येऊन गेल्यामुळे ज्याची प्रकृती उत्तम आहे असं कागदावर दाखवता येईल, असंच कुणीतरी येऊ दे.

आमच्या घरात तसे तिघेच होते. मांजरी झोपल्या होत्या. बत्तासा आला.